ओढून पाहायची एक डाव

आधीची दोन गेली, म्हणून आजीनं
तिसऱ्याला टोपल्यात घालून उकिरड्यावर नेलं,
घटकाभर टेकवलं,
आणि शेजारणीला पसाभर ज्वारी देऊन
परत विकत घेतलं.
नाव ठेवलं उकंडा.
यमाला वाटावं कचरा आहे,
एवढ्यासाठी कोण वाकतं.

नाव कामी आलं.
देवीच्या साथीत आलं, पटकीत आलं,
सिग्नलच्या पलटणीत भरती झाल्यावरही आलं.
कारकुनानं तिथं लिहून घेतलं यू. राव.
सगळ्यांना वाटलं तेलुगू माणूस,
दोन वर्षं ताटात भातच पडत राहिला.
ही एक तक्रार बाबांनी
ऐंशीव्या वर्षीही मागं घेतली नव्हती.

लढाईचं विचारलं की ते वायरीचं सांगायचे.
पाठीवरचा ड्रम किती जड,
आत तांब्याच्या किती तारा, पोलादाच्या किती.
'आधी सोलायची. मंग गाठ, मंग पीळ, मंग पट्टी.
अन् एक डाव ओढून पाहायची.
सुटली त आत्ताच सुटू दे. रातच्याले नोको.'

एकाहत्तरचा डिसेंबर, पंजाबातला कुठला तरी कालवा.
लाइन तुटली तसे दोघं निघाले, बाबा आणि थंकप्पन.
एक टोक चिखलात सापडलं.
दुसरं शोधायला थंकप्पन पुढं गेला.
इथवर आले की बाबांना
बकरीला पाला टाकायचा असे.
'मंग काय झालं?'
'काय होणार? जोड झाला. बोलनं चालू झालं.'

बोरगव्हाणात आमच्या घरी सगळं वायरीनं बांधलेलं.
बाज, बादलीचा कान, कुंपण,
मायच्या चष्म्याची दांडी.
माय यवतमाळच्या दवाखान्यात होती त्या महिन्यात
आम्ही तिघी बहिणी ओट्यावर ओळीनं बसायचो.
बाबा वेण्या घालत. तीन पेड, पीळ, रिबिनीची गाठ,
आणि शेवटी एक हिसका.
आम्ही ओरडायचो.
संध्याकाळी शाळेतून येताना
आख्ख्या वर्गात आमच्याच वेण्या जागेवर असत.

माझ्या लग्नात सासरच्यांना त्यांनी काही विचारलं नाही.
जावयाचा हात हातात घेतला
आणि जोरात ओढला.
ते बिचारे कपाशीच्या गठ्ठ्यासारखे
बाबांच्या अंगावर आले.
'ठीक आहे,' बाबा म्हणाले.

मग मोबाइल आला. रोज सात वाजता फोन.
'आवाज येऊन रायला का?'
'येते, बाबा.'
'मंग ठीक.'
की बंद.
माझा नवरा हसायचा,
दहा सेकंदांत कोणाचा बाप बोलणं संपवतो म्हणून.
मी त्याला समजावत बसले नाही.

गेले ते तूर सोंगायच्या दिवसांत.
दारव्ह्याहून दोन माजी सैनिक एसटीनं आले,
टोपी नीट करून, सलाम करून,
उभ्या उभ्याच चहा पिऊन गेले.

तेराव्यानंतर पत्र्याचा डबा उघडला.
दोन पदकं, रंग उडालेल्या फिती.
पक्कड, तेल लावून ठेवलेली.
आणि सुतळीत बांधलेल्या मनिऑर्डरच्या पावत्या:
कार्त्यायनी अम्मा, पुढं केरळातलं गाव,
भावाला ते वाचता येईना.
दर दिवाळीला तीस रुपये, मग पन्नास, मग शंभर.
सर्वांत वरती परत आलेला एक फॉर्म,
त्यावर पोस्टाचा शेरा: घेणार मयत.

भावानं मायकडं पाहिलं.
माय सुतळी बोटाला गुंडाळत होती.
'दर दिवाळीले घरात साखर किलोभर कमी येये.
मले का समजत नव्हतं?'
मग उठली, चुलीवर चहा ठेवला,
आणि त्यात मूठभर साखर टाकली,
मोजल्याशिवाय.